पावसाळ्यासाठी ट्रकचे टायर निवडताना: घाटातल्या गाडीचं टायरचं गणित

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत आमची दहा चाकी चिपळूणला माल उतरवून कुंभार्ली घाटातून रिकामी कराडकडे येत होती. घाटमाथा ओलांडून उतार लागला, पाऊस भुरभुर होता, वेग पस्तीसच्या आसपास. एका वळणावर ड्रायव्हरने एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणारा, चाकांच्या ब्रेकहून वेगळा) दाबला आणि मागचा भाग गटाराकडे फिरला. कोणाला लागलं नाही, डाव्या बाजूचा फाळका तेवढा गेला. फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, "शेठ, मी ब्रेकला पाय पण लावला नव्हता."

तो खरं बोलत होता. चूक माझी होती. मागच्या चाकांवर मी अर्धे झिजलेले लग टायर (जाड आडव्या ठोकळ्यांचे) आणि त्यातही दोन रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले) चढवून ठेवले होते. "अजून सहा महिने जातील" हा माझा हिशेब होता आणि उन्हाळ्यात तो बरोबरही ठरला असता. तेव्हापासून टायर गोटा, म्हणजे पार गुळगुळीत, झाला की बदलायचा ही पद्धत मी सोडली. आता टायर कधी घ्यायचा हे आधी पावसावरून ठरतं आणि कुठला घ्यायचा ते त्यानंतर. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे.

ओल्या रस्त्यावर नेमकं काय घडतं

टायर पाण्यावर तरंगतो असं आपण सर्रास म्हणतो. कारच्या बाबतीत ते खरं आहे. तरंगण्याचा वेग मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्राने ३२ पीएसआयची कार ताशी साधारण ९५ किलोमीटरला तरंगू लागते. तेच सूत्र ११० पीएसआयच्या भरल्या ट्रकला लावलं तर वेग येतो १७० च्या पुढे, आणि तिथवर आपली गाडी जात नाही. म्हणून ट्रकवाले निर्धास्त असतात. पण रिकाम्या गाडीचं गणित वेगळं आहे. वजन नसलं की टायरचा जमिनीला टेकलेला भाग आखूड होतो, पाणी कापायला लांबी उरत नाही, आणि झिजलेला टायर हमरस्त्याच्या नेहमीच्या वेगालाही पकड सोडू शकतो.

घाटात मात्र गाडी तरंगत नाही, ती घसरते. पहिल्या पावसात डांबरावर डिझेल, ऑइल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा पातळ चिकट थर तयार होतो. कोकणच्या बाजूला त्यात जांभ्याची लाल माती मिसळते. हा थर इतका पातळ असतो की मोठ्या खोल खाचांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. तो फाडायला रबराच्या कडा लागतात, आणि रबर मऊ असावं लागतं.

आकड्यांत सांगतो. उतार वीसास एक, वेग ६०. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण २६ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तोच ०.३५ धरला तर ४७ मीटर लागतात. वेग ४० वर आणला की ओल्यातही २१ मीटर पुरतात. टायर कितीही भारी घेतला तरी वेग कमी करण्याइतका फरक तो पाडू शकत नाही, हे पैसे मोजण्याआधी लक्षात असू द्या.

पायरी पहिली: जानेवारीत मोजायला लागा

टायरच्या दुकानात मिळणारा, खाचांची खोली मोजायचा साधा डेप्थ गेज घ्या. प्रत्येक टायरला तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आतली, मधली व बाहेरची अशा तीन खाचांत मोजा. सगळ्यात कमी आकडा वहीत लिहा. सरासरी काढत बसू नका, गाडी घसरते ती सर्वांत झिजलेल्या जागेवरून.

जानेवारीत पुढच्या टायरची खोली ९ मिमी होती आणि एप्रिलच्या सुरुवातीला ७.५ भरली, तर महिन्याला अर्धा मिमी झीज झाली. म्हणजे जूनला ६.५ आणि सप्टेंबर संपताना ४.५. हा टायर पावसाळा काढेल. जानेवारीत ७ होता तर जूनला तो ४.५ वर आणि ऑक्टोबरला २.५ वर येईल, तो मे महिन्यातच उतरवायचा. ओल्या रस्त्यावर झीज थोडी कमी होते, पण तो फायदा हिशेबात धरू नका.

कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, ते पृष्ठभागाला लागले की टायर संपला. बाजूच्या भिंतीवर 'टीडब्ल्यूआय' लिहिलेल्या जागेच्या सरळ रेषेत ते सापडतात. ही मर्यादा टायर बाद कधी करायचा ते सांगते, पाऊस कशावर काढायचा ते सांगत नाही. अमेरिकेत ट्रक-बसच्या पुढच्या टायरला कायद्यानेच ३.२ मिमी लागतात. माझा स्वतःचा नियम असा: पावसाळा संपेपर्यंत पुढे ४ मिमीच्या खाली जायचं नाही आणि ओढणाऱ्या (इंजिनचा जोर मिळणाऱ्या) मागच्या चाकांवर ५ च्या खाली नाही.

मोजताना झीज एकसारखी आहे का तेही बघा. एकाच बाजूची कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलीय. मधला भाग गेला असेल तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा गेल्या तर कमी. हे दुरुस्त न करता नवा टायर चढवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

पायरी दुसरी: वजनाचा आकडा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण फसवणूक इथेच होते. टायरच्या भिंतीवर '२९५/८० आर २२.५' यानंतर '१५२/१४८ एम' असं काहीतरी असतं. पहिला आकडा टायर एकेरी लावला तर पेलणाऱ्या वजनाचा, दुसरा जोडीत लावला तर. १५२ म्हणजे ३५५० किलो, १४८ म्हणजे ३१५० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: के म्हणजे ताशी ११० किलोमीटर, एल १२०, एम १३०.

२०१८ साली सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. स्टिअरिंगच्या एक्सलला ६ ऐवजी ७ टन झाले, चार टायरच्या एकेरी एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ आणि दुहेरी एक्सलला १९ ऐवजी २१. आता जुन्या १०.०० आर २० टायरवर बऱ्याचदा १४६/१४३ असतं. १४६ म्हणजे ३००० किलो, दोन टायर मिळून ६ टन. सात टनाच्या एक्सलला हा टायर कमी पडतो. मागे १४३ म्हणजे २७२५ किलो, चार मिळून १०.९ टन, तिथेही कमी. तुमच्या गाडीच्या आरसीवर किती वजन नोंदलंय ते आधी बघा आणि मगच दुकानात जा. कमी क्षमतेचा टायर दबून चालतो, तापतो, आणि पावसात त्याच्या खाचा मिटायला लागतात.

पायरी तिसरी: नक्षी, आणि 'लग म्हणजे पकड' हा गैरसमज

आपल्याकडे मागच्या चाकाला लग हे जणू ठरूनच गेलंय. जाड जाड आडवे ठोकळे दिसले की ड्रायव्हरही खूश होतो. उसाच्या फडातून भरलेली गाडी काढायची असेल, खडी क्रशरच्या चिखलात जायचं असेल, तर लगला पर्याय नाही. तिथे ठोकळे मातीत रुततात आणि गाडी ढकलतात. पण डांबरात काहीच रुतत नाही.

जुन्या पद्धतीचा लग टायर समोर ठेवून बघा. खाचा खांद्यापासून सुरू होतात आणि मध्यापर्यंत पोचायच्या आत संपतात. मधे रबराचा सलग पट्टा राहतो. टायर नवा असताना हे जाणवत नाही. अर्धा झिजला की मधला पट्टा आणखी रुंद होतो आणि वजन नेमकं त्याच्यावर येतं. त्या पट्ट्याला ना पाणी काढायला वाट, ना थर फाडायला कड. माझी गाडी अशाच टायरवर फिरली. मोजल्यावर खांद्याजवळ अजून ७ मिमी दिसत होते, म्हणून मी बिनधास्त होतो.

ओल्या डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यासाठी मी काय बघतो ते सांगतो.

पुढच्या चाकाला रिब. गोल फिरणाऱ्या चार-पाच सरळ खाचा, त्यातल्या निदान मधल्या दोन रुंद आणि तळापर्यंत खोल. सरळ खाच पाणी मागे सोडते, आणि पट्ट्यांच्या उभ्या कडा वळणावर गाडीला आडवं सरकू देत नाहीत. पट्ट्यांच्या कडांना बारीक चिरा असतील तर अधिक चांगलं. काहीजण पुढेही लग लावतात. घाटात चालणाऱ्या गाडीला ते करू नका, स्टिअरिंग हलकं पडतं आणि वळणावर गाडी सरळ जायला बघते.

ओढणाऱ्या मागच्या चाकांना ठोकळ्यांची नक्षी, म्हणजे रिब आणि लग यांच्या मधली. मध्यभागी सलग पट्टा नसावा, तिथे खाच हवी. ठोकळ्यांवर बारीक चिरा हव्यात. या चिरा पाणी वाहून न्यायला नसतात. जमिनीवर दाबल्या गेल्या की त्या किंचित उघडतात आणि तेलकट थर फाडणाऱ्या कडा वाढवतात. दुकानात चिरेत नखाने किंवा पातळ पट्टीने खोली बघा. काही टायरांत त्या एक-दोन मिमीच असतात, दहा-पंधरा हजार किलोमीटरला गायब. खाचेच्या निम्म्याहून खोल जाणारी चीर दुसऱ्या पावसाळ्यातही कामाची राहते.

डमी एक्सलला (इंजिनचा जोर नसलेला, फक्त वजन पेलणारा एक्सल) आणि ट्रेलरच्या चाकांना रिब पुरे. ती चाकं ओढत नाहीत, पण ब्रेक त्यांनाही असतात, तेव्हा तिथे गोटा टायर चालतो हा समज काढून टाका. ट्रेलरची चाकं ओल्यात लॉक झाली की सगळा ट्रेलर बाहेर फिरतो.

गाडी वर्षातले दहा दिवस चिखलात आणि बाकी तीनशे दिवस डांबरावर असेल, तर टायर तीनशे दिवसांचा बघून घ्या. चिखलासाठी साखळदंड आणि दोन फळ्या ठेवल्या तरी भागतं.

नायलॉन (आडव्यातिडव्या नायलॉनच्या थरांचा जुन्या पद्धतीचा टायर) की रेडियल (पृष्ठभागाखाली पोलादी तारांचा पट्टा असलेला)? ओल्या रस्त्यासाठी रेडियल. त्याचा पृष्ठभाग जमिनीवर सपाट बसतो आणि खाचा उघड्या राहतात, नायलॉनचा मात्र चालताना वळवळतो. आतली वाट खूप खराब असेल आणि भिंत फाटण्याची भीती असेल तर नायलॉन घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त एकाच एक्सलवर दोन्ही मिसळू नका.

पायरी चौथी: रबर आणि तारीख

ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचा वाटा मोठा असतो आणि ते वयाने कडक होतं. म्हणून तारीख बघा. भिंतीवर चार आकडी शिक्का असतो: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानातल्या फडताळावर उन्हात दोन वर्षं पडलेला 'नवा' टायर पावसात नवा राहत नाही. मी वर्षाच्या आतला मागतो. सहा-आठ महिन्यांचा दिला तर कुरकुर करत नाही. दोन वर्षांचा टायर स्वस्त करून देतो म्हणाले तर तो डमीसाठी घेतो, पुढे लावत नाही.

मऊ रबर ओल्यात जास्त धरतं पण लवकर झिजतं. 'जास्त मायलेज' किंवा 'डिझेल बचत' असं लिहिलेल्या टायरांत कडक मिश्रण किंवा कमी खोली, किंवा दोन्ही, असू शकतं. लांब पल्ल्याच्या सपाट रस्त्यावर, उदाहरणार्थ समृद्धीवर, ते टायर पैसे वसूल करतात. आंबा, फोंडा, आंबोली, कुंभार्ली असे घाट रोजचे असतील तर मी ते मागच्या चाकांना लावत नाही.

ओल्या पकडीची चाचणी होते का? होते. आपल्याकडे एआयएस-१४२ या मानकात ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्याचा विरोध आणि आवाज या तीन गोष्टी येतात. त्यात टायरचे तीन वर्ग आहेत: सी-१ कारचा, सी-२ हलक्या व्यापारी गाड्यांचा, सी-३ ट्रक-बसचा. पण मानक पास होणं म्हणजे किमान मर्यादा ओलांडणं. दोन पास टायरांतही फरक राहतोच. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ए ते ई अशी ओल्या पकडीची प्रत लिहिलेली असते. आपल्या कंपन्या तिकडेही टायर पाठवतात, त्यामुळे एखाद्या मॉडेलची तिकडची प्रत विक्रेत्याला विचारता येते. फक्त मॉडेलचं नाव, माप आणि नक्षी तंतोतंत तेच आहे का ते ताडून बघा.

आणि 'एम प्लस एस' हा शिक्का दाखवून कुणी पावसाचा टायर म्हणून गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जा. चिखल आणि बर्फ यांसाठीच्या नक्षीची ती खूण आहे, आणि ओल्या डांबराची कुठलीही परीक्षा त्यामागे नाही.

रिमोल्डचं काय करायचं

रिमोल्डवर सरसकट काट मारणं श्रीमंतांना परवडतं. मीही वापरतो. चांगल्या सांगाड्यावर थंड प्रक्रियेने चढवलेली पट्टी वर्षभर निमूट चालते. ओल्या पकडीत प्रश्न सांगाड्याचा नसतो, वर चढवलेल्या पट्टीचा असतो. स्वस्त पट्टीचं रबर कडक असतं आणि नक्षी बहुधा तीच ती जुनी लगची. पट्टी निवडताना नवा टायर निवडतो तसंच वागा: मधे खाच, ठोकळ्यांवर चिरा. अंगठ्याचं नख दाबून बघा, अजिबात रुतत नसेल तर दुसरी दाखवायला सांगा. पुढच्या एक्सलवर रिमोल्ड कधीच नको. मागच्या जोडीत एक नवा आणि एक रिमोल्ड अशी मिसळ तर मुळीच करू नका.

पायरी पाचवी: चढवताना

जोडटायरमध्ये दोघांचा घेर सारखा हवा. खोलीत ३ मिमीहून जास्त फरक असेल तर उंच टायर सगळं वजन घेतो आणि ठेंगणा रस्त्यावर नुसता घासत जातो. कोरड्यात हे डिझेल खातं. ओल्यात चार टायरची पकड दोनावर येते. म्हणून मागच्या चाकांना मी दोन-दोन टायर घेत नाही, एका एक्सलचे चारही एकदम घेतो. पैसे नसतील तर निदान एका बाजूची जोडी जुळवून दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच खोलीची बसवतो.

दिशेचा बाण असलेला टायर उलटा चढवला तर खाचा पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी मधे गोळा करतात. पंक्चरच्या दुकानात रात्री दोन वाजता ही चूक हमखास होते, ड्रायव्हरला आधीच दाखवून ठेवा.

हवा थंड टायरमध्ये, कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला दिलेली तेवढीच. "पावसात थोडी कमी ठेवा, पकड वाढते" हा सल्ला मला ढाब्यावर किमान दहा जणांनी दिलाय. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि तरंगण्याचा वेगही खाली येतो. सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे जोडीतला आतला टायर. त्याच्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही म्हणून कोणी मोजतच नाही. पाचपन्नास रुपयांची व्हॉल्व्हची लांब नळी बसवून घ्या.

नव्या टायरवर साच्याचं तेलकट अस्तर असतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ते घासून जाईपर्यंत तो ओल्यात जुन्यापेक्षाही जास्त घसरू शकतो. म्हणून टायर रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी चढवायचे आणि दोन फेऱ्या कोरड्यात करायच्या. मृगाचा पहिला शिडकावा पडल्यावर दुकानात गर्दी होते, भाव चढतात, आणि नवाकोरा टायर थेट तेलकट रस्त्यावर उतरतो.

ड्रायव्हरशी दोन शब्द

टायर बदलला की ड्रायव्हरला सोबत घेऊन फिरा. पहिली गोष्ट, रिकामी गाडी असेल तर डमी एक्सल उचललेला ठेवायचा, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर वजन येतं. दुसरी, रिकाम्या गाडीत ओल्या वळणावर एक्झॉस्ट ब्रेक लावायचा नाही. तो फक्त ओढणाऱ्या चाकांना धरतो, आणि त्यांच्यावर वजन नसलं की तीच घसरतात. वळणाआधी गिअर खाली, वळणात काहीच नाही. तिसरी, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुलांचे लोखंडी सांधे यांवर ब्रेक नको. आमच्या ड्रायव्हरला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "हे त्या दिवशीच सांगायचं होतं, शेठ." काय उत्तर देणार.

उतरवलेल्या टायरचं काय

मे महिन्यात उतरवलेला ४.५ मिमीचा टायर भंगारात घालायचा नाही, नाहीतर हे सगळं गणित खर्चात जातं. धुऊन, वाळवून, खडूने खोली आणि तारीख लिहून सावलीत उभा ठेवा. वेल्डिंग मशीनजवळ नको, डिझेलच्या पिंपाजवळ नको. पाच-सहा महिन्यांत त्याचं काही बिघडत नाही. दिवाळी झाली, रस्ते कोरडे झाले की साखरेच्या हंगामात तोच टायर डमीला किंवा मागच्या जोडीला जोडीदार बघून चढवायचा आणि १.६ च्या खुणेपर्यंत वापरायचा. आमच्या शेडमध्ये आत्ता असे सहा उभे आहेत, त्यातल्या दोघांवर '४.८' लिहिलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते कोल्हापूरच्या फेरीला जातील.